राजापूरचे खासदार

मंत्र्याचे चरित्र लिहिणे तसे सोपे. त्याच्या नावावर एखादे धरण असते, एखादा कायदा असतो, अगदीच काही नाही तर चार कोनशिला तरी असतातच. खासदाराचे, त्यातही विरोधी बाकावरच्या खासदाराचे चरित्र लिहायला बसले की पंचाईत होते. त्याने दाखवायचे काय? विचारलेले प्रश्न, फेटाळलेल्या दुरुस्त्या आणि कामकाजाच्या जाडजूड खंडांत छापून पडलेली भाषणे. त्यामुळे आपल्याकडे अशा माणसाचा एक तर गौरवग्रंथ निघतो, ज्यात सगळेच त्याला ‘अजातशत्रू’ म्हणतात. नाही तर त्याला मंत्रिपद मिळाले तेवढाच काळ सविस्तर लिहून बाकीचे आयुष्य ‘संसद गाजवली’ या दोन शब्दांत गुंडाळले जाते.

प्रा. मधू दंडवते यांच्या बाबतीत ही दुसरी वाट धरली, तर हाती फार थोडे लागते. 1971 पासून 1991 पर्यंत ते राजापूर मतदारसंघातून सलग पाच वेळा लोकसभेवर निवडून आले. या 20 वर्षांत सत्तेची वर्षे जेमतेम सव्वातीन : मार्च 1977 ते जुलै 1979 रेल्वेमंत्री आणि डिसेंबर 1989 ते नोव्हेंबर 1990 अर्थमंत्री. दीड वर्ष तुरुंगात गेले. बाकी सगळा काळ सभापतींच्या डाव्या हाताला, सरकारच्या समोर. ही वर्षे त्यांनी सत्तेची वाट बघत काढली असे मानणारे त्यांच्या चाहत्यांतही आहेत. ‘एवढा हुशार माणूस, पण संधीच मिळाली नाही’ असा सूर मी अनेकदा ऐकला आहे. मला तो मुळीच पटत नाही. विरोधी बाक हीच दंडवत्यांची नोकरी होती, आणि ती त्यांनी नेकीने केली. सत्ता आली तेव्हा त्यांनी जे केले, तेही त्याच नोकरीत शिकलेले होते. हे पुस्तक त्या बाकावरच्या वर्षांना मध्यभागी ठेवते, म्हणूनच त्याला प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

सुरुवात राजापूरपासूनच करायला हवी, कारण दंडवते काही राजापूरचे नव्हेत. जन्म 21 जानेवारी 1924 चा, अहमदनगरचा. शिक्षण मुंबईत, पदार्थविज्ञानात. पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापन, विभागप्रमुखपद, उपप्राचार्यपद. 1942 च्या चळवळीत उडी, मग राष्ट्र सेवा दल, समाजवादी पक्ष, 1955 चा गोवा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राचा लढा. त्या पिढीच्या मुंबईकर समाजवाद्याच्या आयुष्यात जे टप्पे येतात ते सगळे इथे आहेत, आणि ते सांगणारी पुस्तके मराठीत भरपूर आहेत. तेव्हा त्यांवर जास्त रेंगाळण्याचे कारण नाही. वर्षभर विधान परिषदेत काढून ते थेट लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिले, तेही कोकणातून.

जागा साधी नव्हती. राजापूर ही बॅरिस्टर नाथ पै यांची जागा. 1957, 1962 आणि 1967 अशा तीन निवडणुका त्यांनी तिथून जिंकल्या होत्या, आणि त्यांच्या वक्तृत्वाने उभ्या कोकणाला अशी काही सवय लावली होती की पुढच्या माणसाची कीवच यावी. 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात ते अचानक गेले. वय अवघे 48. लोकसभा त्याआधीच बरखास्त झाली होती, मार्चमध्ये मतदान होते. देशभर इंदिरा गांधींची लाट होती. महाराष्ट्रातल्या 45 पैकी 42 जागा काँग्रेसने जिंकल्या. प्रजा समाजवादी पक्षाचे अख्ख्या देशात दोनच खासदार उरले : बंगालमधून समर गुहा आणि राजापुरातून मधू दंडवते. सहानुभूती होती हे खरेच. पण सहानुभूतीवर एक निवडणूक निघते, पाच निघत नाहीत.

त्या वेळचे राजापूर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून 10 वर्षे होती. घरटी एक तरी माणूस मुंबईत, गिरणीत नाही तर गोदीत, आणि गावातली चूल मनीऑर्डरवर. पोस्टमन हाच बँकेचा मॅनेजर. चाकरमान्याला गावी यायचे तर एसटीने कशेडी घाट ओलांडून रात्रभर हाडे खिळखिळी करून घ्यायची, नाही तर भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडायची. पावसाळ्यात बोटी बंद. गणपतीला म्हणजे नेमके गरज असते तेव्हाच समुद्राचा रस्ता नाही. रेल्वेचे नाव काढले की म्हातारी माणसे हसत. कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकरांनी आपले आयुष्य खर्ची घातले होते, नाथ पैंनी लोकसभेत तोच धोशा लावला होता, आणि दिल्लीचे उत्तर ठरलेले : डोंगर फार, नद्या फार, माल कमी, परवडणार नाही. नवा खासदार निवडून गेला तो हे उत्तर बरोबर घेऊनच.

आता लोकसभेत विरोधी सदस्याच्या हातात असते तरी काय, हे थोडे जवळून पाहायला हवे, कारण त्याशिवाय या माणसाची गंमत कळत नाही. प्रश्नोत्तराचा तास असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि मग पूरक प्रश्न विचारता येतात. खरी परीक्षा त्या पूरक प्रश्नांची, कारण त्यासाठी मंत्री काय सांगेल हे आधीच ओळखावे लागते. लक्षवेधी सूचना असते, शून्य प्रहर असतो. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेला येतात तेव्हा कपात सूचना देता येते, आणि तिचेही प्रकार आहेत. खात्याचे धोरणच मान्य नसेल तर मागणी 1 रुपयावर आणा म्हणायचे. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर कोट्यवधींच्या मागणीतून फक्त 100 रुपये कापा म्हणायचे. त्या 100 रुपयांनी कुणाचे काही बिघडत नाही, सूचना फेटाळली जाणार हेही ठरलेले. पण तेवढ्या आधारावर उभे राहून सदस्याला त्या खात्याची लक्तरे वेशीवर टांगता येतात आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. शुक्रवारी दुपारी अडीच तास खासगी विधेयकांचे. संसदेने आजवर अवघी 14 खासगी विधेयके मंजूर केली आहेत आणि त्यांतले शेवटचे 1970 मधले. म्हणजे दंडवते सभागृहात होते त्या सबंध काळात कोणाही खासगी सदस्याचे एकही विधेयक कायदा झाले नाही.

असल्या हत्यारांनी 20 वर्षे लढायचे तर दोन गोष्टी लागतात. आकडे आणि विनोद. दंडवत्यांकडे दोन्ही होते. सरकारवर टीका करताना ते बाहेरचे आकडे आणत नसत, सरकारनेच छापलेले अहवाल उघडून त्यांतली विसंगती दाखवत. त्यात त्यांच्यातला प्राध्यापक दिसतो. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या वहीतली चूक मास्तर त्याच वहीवर बोट ठेवून दाखवतात, तसे ते मंत्र्याला दाखवत. विनोदाचे म्हणाल तर तो डंख मारणारा नव्हता. ज्याच्यावर विनोद झाला तोही हसत असे, आणि हसून झाल्यावर त्याच्या लक्षात येई की आपण उत्तर द्यायचे विसरलो. त्यांची लोकसभेतली भाषणे बहुतेक इंग्रजीत झाली आणि पुढे ‘एकोज इन पार्लमेंट’ या नावाने संकलितही झाली. मराठी वाचकापर्यंत ती फारशी पोहोचली नाहीत ही आपली मोठीच गैरसोय. एक कबूल केले पाहिजे : ही भाषणे छापील वाचताना काही ठिकाणी लांबतात. तिसरे उदाहरण आले की चौथे येणार हे कळते. तासिका संपल्याची घंटा झाल्याशिवाय थांबायचे नाही, ही वर्गातली सवय सभागृहातही सुटली नव्हती.

आणीबाणी आली तेव्हा ते बंगळूरला होते, आणि कशासाठी होते हे वाचून हसावे की रडावे कळत नाही. पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकाचा विचार करणारी संसदेची संयुक्त समिती तिथे बैठकीसाठी जमली होती. 26 जून 1975 ला सकाळी त्या समितीच्या कामासाठी आलेले विरोधी सदस्य पोलिसांनी उचलले : अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधू दंडवते. चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात आपल्या स्थानबद्धतेला आव्हान दिले. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी अशा अर्जांची सुनावणी करायला मान्यता दिली, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 28 एप्रिल 1976 रोजी 4 विरुद्ध 1 असा निकाल लागला की आणीबाणीत नागरिकाला देहोपस्थितीचा अर्ज करताच येत नाही. विरोधात मत देणारे एकटे न्या. एच. आर. खन्ना. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल ‘जबलपूर खटला’ म्हणून पाठ करतात. त्या गठ्ठ्यात दंडवत्यांचाही अर्ज होता, हे बहुतेकांच्या गावी नसते.

इकडे प्रमिला दंडवते यांना येरवड्याला टाकले होते. नवरा बंगळूरच्या तुरुंगात, बायको पुण्याच्या, आणि मध्ये दोन तुरुंगांचे पत्र तपासणारे अधिकारी. त्या काळात दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे हा या आयुष्यातला फार वेगळा ऐवज आहे. राजकारण लिहिले तर काळी शाई फिरणार, म्हणून पुस्तके, गाणे, मित्रांची ख्यालीखुशाली. दोघांच्या लग्नाला तेव्हा वीसेक वर्षे झाली होती. सार्वजनिक कामात गुंतलेल्या जोडप्याला एकमेकांशी निवांत बोलायला सवड सरकारने करून दिली, असे म्हटले तर आगाऊपणा होईल, पण पत्रे वाचताना तो विचार येतोच. प्रमिलाताईंविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 1980 मध्ये त्या मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि हुंडाबंदीचा कायदा कडक करण्यासाठी त्यांनी स्वतंत्रपणे झुंज दिली. दंडवते यांच्या चरित्रात त्यांची जागा ‘पत्नी व सहकारी’ एवढीच ठेवली जाते, ती अपुरी आहे. त्यांच्यावर निराळे पुस्तक हवे.

1977 मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. आल्याआल्या त्यांनी 1974 च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत कामावर घेतले. मे 1974 चा तो संप 20 दिवस चालला होता, इंदिरा गांधींच्या सरकारने तो निर्दयपणे मोडला होता. संपाच्या वेळी विरोधी बाकावरून जे मागितले तेच आता स्वतःच्या सहीने देण्याची वेळ आली होती. हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते दुसरेच.

1974 मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला होता. रद्द केला म्हणजे डब्यावरची पाटी बदलून ‘दुसरा वर्ग’ असे लिहिले. आतली लाकडी फळी होती तिथेच होती. ज्यांनी त्या फळीवर रात्र काढली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पट्ट्यापट्ट्यांची ती फळी, मधल्या बर्थची साखळी, कुशीवर वळले की खांद्याचे हाड टेकायचे, आणि पाठीवर सकाळी पट्ट्यांचे वळ. म्हणून तर प्रवासाला निघताना होल्डॉल लागायचा. सतरंजी, चादर, उशी घालून पट्ट्याने करकचून आवळलेली ती वळकटी हमालाच्या डोक्यावर चढवल्याशिवाय लांबच्या प्रवासाची सुरुवातच होत नसे. दंडवत्यांनी ठरवले की या फळीवर 2 इंच जाडीचा फोम बसवायचा. बस्स, एवढेच. पहिल्या वर्गाची गादी काढायची नाही, दुसऱ्या वर्गाला गादी द्यायची, अशी त्यांच्या समाजवादाची सोपी व्याख्या होती.

26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान नवी गाडी सुरू झाली. तिला पहिला वर्गच नव्हता, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. नाव रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहावरून ‘गीतांजली’. फोमचे बर्थ आधी या गाडीत आले आणि मग पुढच्या दहाएक वर्षांत देशभरच्या गाड्यांत पसरले. त्याच सुमारास आरक्षणाचे काम संगणकावर नेण्याच्या तयारीला त्यांनी चालना दिली. ते प्रत्यक्षात यायला ऐंशीच्या दशकाचा मध्य उजाडला. पण खिडकीवरच्या बाबूच्या मर्जीवर आणि दलालाच्या खिशावर चालणारा कारभार बदलायचा निर्णय एका कामगारनिष्ठ समाजवाद्याने घेतला, हे विशेष. संगणक आला की नोकऱ्या जाणार, अशी धास्ती तेव्हा प्रत्येक कामगार संघटनेला होती, आणि त्या संघटनांतली निम्मी माणसे त्यांच्याच गोतावळ्यातली.

याच मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. त्यांनी कोका-कोला आणि आयबीएमला देशाबाहेरचा रस्ता दाखवला, जगभर मथळे झाले. कोका-कोला 1993 मध्ये परत आला, तेव्हाही मथळे झाले. फोमचा मथळा कधीच झाला नाही. आज स्लीपरच्या डब्यात आडवे होणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या निर्णयावर झोपलो आहोत याची कल्पना नसते, असायचे कारणही नाही. मला या दोन समाजवाद्यांतला फरक इथे लख्ख दिसतो. फर्नांडिस यांना शत्रू लागत असे. दंडवत्यांना मोजमाप लागत असे.

आणि कोकण रेल्वे? 28 महिने स्वतः रेल्वेमंत्री असताना राजापूरच्या खासदाराने राजापूरला रेल्वे नेली नाही. त्यांच्या कारकिर्दीत मंजुरी मिळाली ती आपटा ते रोहा या टप्प्याला. रोहा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे त्यांच्या मतदारसंघापासून किती तरी लांब. रेल्वेमंत्र्याने आपल्या गावाला गाडी पळवायची ही आपल्याकडची जुनी रीत पाहता हे भोळेपणाचे वाटेल. विरोधक तेव्हा तसे म्हणतही. पण पनवेलपासून एकेक टप्पा पुढे सरकवल्याशिवाय खालच्या कोकणात रूळ पोहोचणार कसे? नियोजन आयोगाकडे सबंध मार्गाचे पैसे मागितले असते तर ‘परवडणार नाही’ हेच उत्तर पुन्हा आले असते. रोह्यापर्यंतचा मार्ग 1986 मध्ये पुरा झाला. मग पुढचे घोडे अडले ते पैशापाशीच.

ते सुटले 1990 मध्ये, आणि कसे सुटले ते नीट समजून घेण्याजोगे आहे. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे. एक मूळ मंगळूरचा, एक राजापूरचा खासदार, एक उत्तर कन्नडचा. किनारपट्टीशी नाते सांगणारी तीन माणसे एकाच वेळी तीन नेमक्या खुर्च्यांवर बसली, असा योग पुन्हा येणे नव्हते. रेल्वेच्या वार्षिक योजनेतून थेंबथेंब पैसे घेत बसलो तर मार्गाला आणखी दोन पिढ्या लागतील, हे तिघांनाही माहीत होते. तेव्हा त्यांनी निराळे महामंडळ काढले. 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6. केरळातून रुळाचा एक इंचही जाणार नव्हता, पण मल्याळी माणसाचा मुंबईचा रस्ता शेकडो किलोमीटरनी कमी होणार होता, म्हणून त्यांनीही पैसे घातले. बाकीची रक्कम बाजारात करमुक्त रोखे विकून उभी करायची. सरकारी रेल्वेने असा मार्ग पूर्वी कधी बांधला नव्हता. महामंडळाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे दिली. 15 सप्टेंबरला रोह्यात पायाभरणी झाली. 7 नोव्हेंबरला सरकार पडले.

पण एकदा महामंडळ झाले, चार राज्यांचे पैसे अडकले, लोकांनी रोखे घेतले, की कोणत्याही पुढच्या सरकारला ते गुंडाळणे अवघड. फायली बंद होऊ शकतात, कर्जे होत नाहीत. मला हा या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत धूर्त निर्णय वाटतो, आणि ‘धूर्त’ हे विशेषण दंडवत्यांना कोणी लावत नाही म्हणून मुद्दाम लावतो. आयुष्यभर सरकारे पडताना पाहिलेल्या माणसालाच हे सुचू शकते. रोख्यांच्या व्याजाचे ओझे महामंडळाने पुढे बरीच वर्षे वाहिले, गोव्यात मार्गावरून मोठे आंदोलन झाले, खर्च सुमारे 3,500 कोटींवर गेला. तरीही 741 किलोमीटरचा मार्ग, 90 हून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे 2,000 पूल साडेसात वर्षांत उभे राहिले. 26 जानेवारी 1998 रोजी मार्ग सबंध खुला झाला. श्रेय श्रीधरन यांचे आहे, फर्नांडिस यांचे आहे, वालावलकर आणि नाथ पै यांचे आहे, जमिनी देणाऱ्या कोकणी शेतकऱ्याचे तर आहेच. दंडवते यांचा वाटा तिजोरीच्या बाजूचा. त्या बाजूला फोटो काढायला कोणी जात नाही.

अर्थमंत्री म्हणून त्यांना एकच अर्थसंकल्प मांडता आला, 19 मार्च 1990 चा. त्यातली एक घोषणा सोनारांच्या पिढ्यांनी लक्षात ठेवली : सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द. 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली होती आणि गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या होत्या. त्या बंदीतून पुढे 1968 चा कायदा झाला. सोन्याची हौस कमी झाली नाही, तस्करी मात्र फोफावली. मोरारजींच्याच मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाने 27 वर्षांनी तो अध्याय मिटवला. खुल्या बाजाराचे गोडवे गाणारे अजून सत्तेत यायचे होते, आणि नियंत्रणावर पहिली मोठी कुऱ्हाड एका समाजवाद्याने घातली. नियंत्रण गरिबाच्या पोटावर येत असेल तर ते समाजवादी ठरत नाही, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता.

दुसरी घोषणा 10,000 रुपयांपर्यंतच्या ग्रामीण कर्जाच्या माफीची. जनता दलाचे ते निवडणुकीतले वचन होते. इथे मला चरित्रकाराइतके उदार होता येत नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरे, पण नेमाने हप्ते भरणाऱ्याला त्यात काही नव्हते, आणि ग्रामीण बँका नि सहकारी पतव्यवस्था यांची वसुलीची शिस्त त्यानंतर जी ढिली झाली ती झालीच. तिजोरीची अवस्था आधीच नाजूक. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेलाचे भाव भडकले, आणि 1991 च्या उन्हाळ्यात देशावर सोने गहाण टाकायची पाळी आली. याचे सगळे खापर 11 महिन्यांच्या अर्थमंत्र्यावर फोडणे अन्यायाचे होईल, मागच्या दशकाची उधळपट्टी त्यात होती. पण विरोधी बाकावरचे दंडवते असते तर त्यांनी या अर्थसंकल्पाला कपात सूचना दिली असती, आणि ती 100 रुपयांची नसती.

मित्रांविषयीही थोडे लिहायला हवे. जुलै 1979 मध्ये यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि जनता पक्ष फुटला. मधू लिमये आणि फर्नांडिस बाहेर पडले, दंडवते राहिले. लिमये यांचा दुहेरी निष्ठेचा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या चुकीचा होता असे दंडवत्यांनाही वाटत नसावे. रा. स्व. संघाशी नाते ठेवून जनता पक्षात राहता येईल का, हा प्रश्न खराच होता. पण तो सोडवायला सरकार पाडणे आणि चरणसिंगांना काँग्रेसच्या टेकूवर बसवणे, हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरला. समाजवाद्यांच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. माझे मत दंडवत्यांच्या बाजूने पडते, हे वाचकाने ध्यानात घेऊनच हे परिच्छेद वाचावेत.

1984 मध्ये तर कमालच झाली. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा काँग्रेसने घेतल्या, जनता पक्षाला देशभरात मिळून 10 जागा मिळाल्या, आणि त्यांत राजापूर होते. गावोगावच्या शाळामास्तरांनी, सेवा दलाच्या जुन्या कार्यकर्त्यांनी, मुंबईहून आलेल्या पत्रांनी ती जागा राखली. ‘घरात विचारा, मग मत द्या’ या काळातली ती राजकीय संस्कृती होती. चाकरमानी मुंबईतून जे कळवी ते गाव मानत असे.

हे सूत्र तुटले तेव्हा जागा गेली. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाले. लाल बावट्याच्या आणि समाजवाद्यांच्या शाखा होत्या त्या चाळींत शिवसेनेच्या शाखा आल्या, आणि मुंबईत बदललेले मत दोन-चार वर्षांत गणपतीच्या एसटीतून कोकणात उतरले. जनता दल मंडलच्या वादळात दुभंगलेले होते. 1991 च्या निवडणुकीत राजापूरने काँग्रेसचे सुधीर सावंत यांना निवडून दिले. रेल्वेची पायाभरणी होऊन वर्षही झाले नव्हते. ज्यांनी हसत हसत ‘रेल्वे काय येतेय’ म्हणत आयुष्य काढले त्यांना ती आता खरोखर येत होती, आणि ती आणणाऱ्याला त्यांनी घरी बसवले, असे लिहायचा मोह चरित्रकाराला झाला आहे. मला त्यात कृतघ्नता दिसत नाही. 1991 चा मतदार तरुण होता. त्याने नाथ पैंचे भाषण ऐकलेले नव्हते, त्याला गावात नोकरी हवी होती, आणि पाच वेळा निवडून दिलेल्या माणसाला सहाव्यांदा नाही म्हणायचा त्याला हक्क होता. दंडवत्यांनी हा निकाल कुरकुर न करता घेतला. पुढे 1996 ते 1998 या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पुस्तके लिहिली, ‘डायलॉग विथ लाइफ’ हे आत्मचरित्र लिहिले, आणि 12 नोव्हेंबर 2005 रोजी मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान झाले.

वाचकाला एकच सुचवावेसे वाटते. आणीबाणी आणि कोकण रेल्वे हे भाग आपोआप वाचले जातील. ते वाचून झाल्यावर 1980 ते 1989 या काळावरची प्रकरणे टाळू नयेत. त्यांत एकही पायाभरणी नाही. लोकसभेतले संख्याबळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, समोर प्रचंड बहुमत, आणि रोज सकाळी 11 वाजता प्रश्नोत्तराच्या तासाला तयारीनिशी हजर असलेला एक पांढऱ्या केसांचा प्राध्यापक. राजापूरने पाच वेळा निवडून दिले ते या माणसाला.